२४ कामट्यांचा कंदील : घरी सजावट करण्याच्या एका दिवाळी-संचाचे परीक्षण

यंदा दिवाळीच्या तीन आठवडे आधी मी पुण्याच्या रविवार पेठेतील एका दुकानातून घरच्या घरी सजावट करण्याचे दोन संच विकत घेतले. प्रत्येक संचात एका पारंपरिक आकाशकंदिलाचे सामान, रंगवण्यासाठी १२ पणत्या, कागदी झेंडूच्या तोरणाचे साहित्य आणि रांगोळीचे काही छाप होते. एका संचाची किंमत ५५० रुपये होती. एक संच मी आणि माझी बारा वर्षांची मुलगी मिळून करणार होतो. दुसरा मी समोरच्या सदनिकेत राहणाऱ्या जोडप्याला दिला, कारण त्या दोघांनी कधीही कंदील बांधलेला नव्हता आणि संचातील सूचना कोणाच्या मदतीशिवाय किती कामाला येतात हे मला त्यांच्या हातून पाहायचे होते. हा हेतू मी त्यांना आधीच सांगितला होता आणि त्यांनी तो आनंदाने मान्य केला. दुकानाचे नाव मी येथे लिहीत नाही. अशा प्रकारचे संच आता पुण्यामुंबईत अनेक ठिकाणी मिळतात, आणि घेण्याआधी त्यांत काय पाहावे हे वाचकांना सांगता आले तर ते एका दुकानाच्या नावापेक्षा अधिक उपयोगाचे ठरेल असे मला वाटते.

अशा संचाला लावायची माझी कसोटी एकच आहे. एकदा तो वापरून झाल्यावर पुढच्या दिवाळीला पुन्हा विकत न घेता घरातल्या माणसांना कंदील करता आला पाहिजे. तसे झाले नाही, तर आपण तयार कंदीलच घेतला, फक्त तो सुट्या तुकड्यांत घरी आणला, एवढाच त्याचा अर्थ होतो. ही कसोटी मला इतकी महत्त्वाची का वाटते, हेही सांगायला हवे. माझे बालपण गिरगावातल्या एका चाळीत गेले. तेथे दसरा झाला की गच्चीवर मोठा कंदील बांधायला घेत, पण सांगाडा बांधण्याचे काम मुलांचे आणि कागदाच्या करंज्या व झिरमिळ्या कापण्याचे काम मुलींचे, अशी वाटणी ठरलेली असे आणि ती कोणी मोडत नसे. त्यामुळे कागद कापण्याची सवय माझ्या हाताला आजही आहे, परंतु सांगाडा बांधण्याची वेळ माझ्यावर कधी आलीच नव्हती. माझ्या मुलीने कंदिलाची सुरुवात सांगाड्यापासून करावी अशी माझी मनापासून इच्छा होती आणि त्यासाठीच मी हा संच घेतला.

सामान चांगल्या प्रतीचे आहे, हे आधी नोंदवते. जाड पुठ्ठ्याच्या खोक्यात बांबूच्या २४ कामट्या, जाड सुती दोऱ्याचे एक रीळ, तांबड्या, पिवळ्या, हिरव्या आणि पांढऱ्या पतंगी कागदाचा प्रत्येकी एक ताव, पांढऱ्या डिंकाची बाटली, वायर जोडलेला होल्डर, एक एलईडी दिवा आणि सूचनांचे दुमडलेले पत्रक असे सगळे नीट लावून ठेवलेले होते. थर्माकोलचा एकही तुकडा त्यात नव्हता. थर्माकोलच्या सजावटीवर राज्यात २०१८ मध्ये बंदी आली असली तरी बाजारात तो अजून दिसतो, त्यामुळे ही गोष्ट मी संचाच्या जमेला धरते.

कामट्या पाहून मला विशेष समाधान वाटले. प्रत्येक कामटी ९ इंच लांब, सुमारे ५ मिलिमीटर रुंद आणि ३ मिलिमीटर जाड होती, आणि बांबूच्या सालीची बाजू तिच्यावर राखलेली होती. बांबूची खरी ताकद या बाहेरच्या बाजूत असते. आतल्या गराकडून काढलेली कामटी दिसायला गोरी आणि गुळगुळीत असली तरी थोड्या ताणाने मोडते. दुसरी पाहण्याची गोष्ट म्हणजे पेर, म्हणजेच बांबूची गाठ. कामटीच्या मधोमध पेर आले तर ती सारखी वाकत नाही आणि बारीक काढलेली असेल तर तेथेच तुटते. आमच्या दोन्ही संचांतील ४८ कामट्यांपैकी केवळ तीन कामट्यांत मध्यभागी पेर होते. कडांवरची कुसळेही घासून काढलेली होती, त्यामुळे मुलीच्या बोटात एकदाही फास गेली नाही. मात्र टोकांना खाचा पाडलेल्या नव्हत्या. दोरा सांध्यावरून घसरू नये म्हणून टोकापासून अर्ध्या सेंटिमीटरवर चाकूने हलकीशी खाच पाडावी लागते, आणि धारदार चाकूचे हे काम लहान मुलांकडे सोपवता येत नाही. दुकानदाराने ते आधीच करून दिले असते तर बरे झाले असते, कारण १२ सांध्यांवरची पकड शेवटी या खाचांवर अवलंबून असते.

आता सांगाड्याकडे वळते. संचाचे सगळे यशापयश येथेच ठरते, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे मला आवश्यक वाटते.

या कंदिलाची रचना फार सुंदर आहे. २४ कामट्यांचे ६ चौकोन बांधायचे. एक चौकोन जमिनीवर सपाट ठेवायचा. त्याच्या चार कोपऱ्यांवर चार चौकोन पतंगासारखे टोकावर ताठ उभे करायचे, शेजारशेजारच्या चौकोनांची बाजूची टोके एकमेकांना बांधायची, आणि वर आलेल्या चार टोकांवर सहावा चौकोन ठेवून त्याचे कोपरे बांधून टाकायचे. एवढे झाले की चौकोनांच्या मधल्या जागांत आपोआप ८ त्रिकोण तयार होतात. त्यांच्यासाठी एकही वेगळी कामटी लागत नाही. एकूण १२ सांधे होतात आणि प्रत्येक सांध्यावर दोन चौकोनांचे कोपरे, म्हणजे ४ कामट्यांची टोके, एकत्र येतात. ९ इंची कामट्यांचा असा कंदील जवळजवळ पावणेतेरा इंच उंच आणि सर्वांत रुंद ठिकाणी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत १८ इंच भरतो. माझ्या मुलीने जेव्हा ते ८ त्रिकोण एकेक करून मोजले आणि त्यांतली एकही बाजू आपण मुद्दाम बांधलेली नाही हे तिच्या लक्षात आले, तेव्हा ती बराच वेळ सांगाडा हातात फिरवून पाहत राहिली. संचाचे पैसे मला त्या क्षणी वसूल झाल्यासारखे वाटले.

अडचण त्यानंतर आली. पत्रकात लिहिल्याप्रमाणे बारा सांधे बांधून झाले, दोराही घट्ट होता, तरी सांगाडा उभा राहीना. वरचा चौकोन हाताने जरा फिरवला की सगळा सांगाडा पिळल्यासारखा होई आणि खाली बसे. आम्ही सगळे सांधे पुन्हा सोडून आणखी आवळून बांधले. काही फरक पडला नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेजारीण त्यांचा कंदील घेऊन आमच्याकडे आली. त्यांनी तशाच सांगाड्यावर तीन बाजूंना कागदही चिकटवला होता आणि तो वाळल्यावर कंदील कायमचा एका अंगाला कलला होता.

“ताई, आमचं कुठे चुकलं, ते सांगा ना. पत्रकात लिहिलं होतं तसंच सगळं केलं,” ती म्हणाली.

त्यांचे काही चुकले नव्हते आणि आमचेही नव्हते. मी माझ्या मोठ्या भावाला फोन केला. चाळीतला सांगाडा बांधणाऱ्यांमध्ये तो असे.

“अगं, चौकोनांना तिरक्या कामट्या बांधल्यास का?” त्याने पहिला प्रश्न हाच विचारला. “त्रिकोण हलत नाही, पण चौकोन पिचकतो. प्रत्येक चौकोनात कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत एक कामटी टाक, म्हणजे त्याचे दोन त्रिकोण होतील. मग बघ कसा ताठ उभा राहतो ते.”

ही गोष्ट पत्रकात कोठेही नव्हती आणि त्यासाठी लागणाऱ्या कामट्या संचात नव्हत्या. मुलांसाठीच्या पुण्यातील मुक्तांगण विज्ञान शोधिकेशी अनेक वर्षे जोडलेले अरविंद गुप्ता यांनी आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह-ट्यूबचे तुकडे जोडून जी साधी खेळणी मुलांपर्यंत पोचवली, त्यांतला पहिला धडा हाच असतो : तीन काड्यांचा आकार ताठ राहतो आणि चार काड्यांचा लवतो. माझ्या मुलीने तो प्रयोग शाळेत केलेला होता, आणि मामाचे बोलणे ऐकताच तिने तो स्वतःहून आठवून सांगितला. हिशेबानेही ते पडताळून पाहता येते. सुट्या सांध्यांनी जोडलेला असा सांगाडा हलू नये म्हणून सांध्यांच्या संख्येच्या तिपटीतून ६ वजा केल्यावर येतात तितक्या काठ्या साधारणपणे लागतात. आपले सांधे १२, म्हणून काठ्या हव्यात ३०, आणि संचात आहेत २४. ६ कामट्यांची ही तूट म्हणजे नेमक्या ६ चौकोनांच्या ६ तिरक्या कामट्या होत. त्यांची लांबी कंदिलाच्या उंचीइतकी, म्हणजे पावणेतेरा इंच, असावी लागते.

दुसऱ्या दिवशी बुरूड आळीतून मी २० रुपयांत कामट्यांची एक जुडी आणली. बाजूंच्या चारही चौकोनांत वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत एकेक उभी कामटी बांधली. वरच्या आणि खालच्या चौकोनांत मात्र दोन-दोन कामट्यांची फुली केली, कारण वर कंदील टांगायला आणि खाली दिवा मध्यभागी धरायला ती फुली कामाला येते. सांगाडा जमिनीवर ठेवला तेव्हा तो इतका ताठ झाला होता की मुलीने त्यावर शब्दकोशाचा एक जाडजूड खंड ठेवून पाहिला आणि तोही त्याने सहज पेलला. शेजाऱ्यांनी कागद फाडून काढला, उरलेल्या कामट्या आमच्याकडून नेल्या आणि त्यांचाही कंदील सरळ झाला. बाजूंच्या उभ्या कामट्यांची सावली दिवा लावल्यावर कागदावर पडते, त्यामुळे ती सगळीकडे एकाच दिशेने असेल एवढे पाहावे. तशी असली की ती नक्षीचाच भाग वाटते.

ही उणीव मी मोठी मानते. ६ कामट्यांचा खर्च दुकानदाराला फार तर काही रुपये आला असता. पण त्या नसल्यामुळे, ज्यांच्या घरात विचारायला कोणी जाणते माणूस नाही, त्यांना आपल्याच हाताला कला नाही असे वाटते, आणि पुढच्या वर्षी ते तयार कंदील आणतात. शेजाऱ्यांच्या घरी हेच होऊ घातले होते.

कागदाची प्रत चांगली होती. २० × ३० इंची तावातून १० इंची ६ चौकोन निघतात. बाजूचे चार चौकोन आणि आठ त्रिकोण मढवायला चार रंग पुरतात आणि शेपट्यांसाठीही थोडा कागद उरतो. वरचा आणि खालचा चौकोन उघडा ठेवायचा असतो. परंतु जास्तीचा एकही ताव दिलेला नाही. पतंगी कागद हाताळताना पहिल्यांदा काम करणाऱ्याकडून एखादा तुकडा फाटणारच, आणि मग त्याच छटेचा कागद पुन्हा मिळत नाही. संच घेतानाच दोन ताव जास्त घेऊन ठेवावेत, असे मी सुचवीन.

पांढरा डिंक मात्र मी बाजूला ठेवला. पतंगी कागदावर तो जाड बसतो, कडा कडक आणि चकचकीत होतात आणि दिवा लावल्यावर त्या काळपट पट्ट्यांसारख्या दिसतात. या कामाला खळच हवी. दोन चमचे मैदा पेलाभर थंड पाण्यात गुठळी न राहू देता कालवावा, मग मंद आचेवर सारखा ढवळत राहावा आणि मिश्रण अर्धपारदर्शक दिसू लागले की उतरवून निवू द्यावे. पूर्वी खळीला कीड लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालत, पण तो विषारी असल्यामुळे मुले बरोबर असताना तो वापरू नये; तीन आठवड्यांच्या कंदिलाला त्याची गरजही नाही. खळीचा दुसरा गुण असा की तिच्या ओलाव्याने कागद थोडा सैल होतो आणि वाळताना ताणला जाऊन डफासारखा तंग बसतो. प्रत्येक तुकड्याला चारही बाजूंनी अर्धा इंच कागद जास्त ठेवून तो कामटीवरून आत दुमडावा आणि समोरासमोरच्या दोन बाजू आधी चिकटवाव्यात. पत्रकात या दुमडीचा उल्लेख आहे आणि तिचे चित्रही स्पष्ट आहे, याचे श्रेय द्यायला हवे.

करंज्यांचा मात्र पत्रकात पत्ताच नाही. पतंगी कागदाच्या गोल चकत्या अर्ध्यात दुमडून, कडा जोडून पोट फुगीर ठेवून कंदिलाच्या कोपऱ्यांवर लावल्या की त्याला भरगच्चपणा येतो. कागदाचा तो आकार हुबेहूब फराळाच्या करंजीसारखा दिसतो म्हणून त्याला ते नाव. संचात याऐवजी सोनेरी चिकटपट्टीची गुंडाळी दिली आहे. तिने कडा झाकल्या जातात, कामही लवकर होते, पण तिच्यातून प्रकाश जात नाही आणि सगळ्या कंदिलाला एक बंदिस्त चौकट आल्यासारखी होते. आम्ही ती वापरली नाही. एका दुपारी मी मुलीला करंज्या शिकवल्या आणि तिने शेजारणीला शिकवल्या. झिरमिळ्यांसाठी १८ इंच लांबीच्या पट्ट्या कातरून खालच्या चार कोपऱ्यांना लावल्या. त्या थोड्या लांब वाटल्या तरी कापू नयेत, कारण वाऱ्यावर हलण्यासाठी त्यांना तेवढी लांबी लागते.

पत्रकाच्या भाषेविषयी मला जरा खेद वाटला. ते मराठीत आहे ही चांगली गोष्ट, पण कामटीला ‘बांबू काडी’, खळीला ‘पेस्ट’ आणि झिरमिळ्यांना ‘खालच्या स्ट्रिप’ म्हटलेले आहे. कामटी, खाच, पेर, खळ, करंजी, झिरमिळी हे शब्द या कामाबरोबरच पुढच्या पिढीकडे जातात. काम शिकवणाऱ्या कागदावर ते नसतील तर मुलांना ते दुसरीकडे कोठे ऐकू येणार आहेत? पत्रकावर एक क्यूआर कोडही आहे. त्यावरची चित्रफीत सुबक आहे, परंतु तिच्यात दिसणारा सांगाडा आधीच बांधून तयार असतो, आणि तो कोणी व कसा बांधला हे दाखवलेलेच नाही.

दिव्याच्या बाबतीत एक बदल मी प्रत्येकाला करायला सांगेन. संचातील दिवा ९ वॅटचा, निळसर पांढऱ्या प्रकाशाचा आहे आणि त्याच्या खोक्यावर ६५०० केल्विन असे छापलेले आहे. या प्रकाशात तांबड्याचा अंश कमी असल्यामुळे तांबडा आणि पिवळा कागद मलूल दिसतो. आम्ही त्याऐवजी ५ वॅटचा, ३००० केल्विनचा पिवळसर दिवा लावला आणि तोच कागद आतून उजळल्यासारखा दिसू लागला. पूर्वीच्या ६० वॅटच्या तारेच्या दिव्याने कागद करपण्याची भीती असे. एलईडीने ती जवळजवळ संपवली आहे, हा मोठाच फायदा आहे. तरीही दिवा कागदाला टेकू देऊ नये, आणि होल्डरचे वजन वायरवर न टाकता तो वेगळ्या सुतळीने फुलीला बांधावा. वायर फक्त विजेसाठी असते. दोन मीटरची ती वायर आमच्या गॅलरीला पुरली, पण ज्यांचे विजेचे बटण घरात आत आहे त्यांना ती अपुरी पडेल, आणि उघड्यावर जोडाजोड करण्यापेक्षा मुळातच लांब अखंड वायर घेतलेली बरी.

पणत्या चांगल्या भाजलेल्या होत्या. बोटाने टिचकी मारली की खणखणीत आवाज येत होता. १२ पैकी २ पणत्यांना केसाएवढी चीर होती आणि त्यांतून तेल झिरपले. रंग सहा, कुंचला एक, हे पुरेसे आहे. मात्र येथेही पत्रकातला क्रम चुकीचा आहे. त्यात ‘रंगवा आणि वाळल्यावर लावा’ एवढेच लिहिले आहे. मातीची कोरी पणती तेल पिते, म्हणून ती वापरण्याआधी काही तास पाण्यात भिजवायची असते, हे आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. रंगवल्यावर ती बुडवून ठेवली तर रंगाचे पापुद्रे सुटतात. म्हणून पणत्या आधी रात्रभर भिजवाव्यात, नंतर पूर्ण वाळवाव्यात आणि मग फक्त बाहेरून रंगवाव्यात. आतल्या बाजूला आणि वात टेकते त्या चोचीला रंग लावू नये, कारण तेथे तो जळतो आणि वास येतो. रंगवलेल्या पणतीत लावण्याआधी तासभर नुसते पाणी भरून ठेवले तरी तेल बरेच वाचते.

तोरणाबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. क्रेप कागदाच्या पट्ट्या चुणून केलेली झेंडूची फुले तासाभरात जमतात आणि दुरून छान दिसतात. पण ज्यांच्या गावात दिवाळीला खरा झेंडू आणि आंब्याचे डहाळे मिळतात त्यांना या तोरणाची काय गरज, असे मला वाटत राहिले. परदेशी राहणाऱ्यांना मात्र ते नक्कीच उपयोगी पडेल. प्लॅस्टिकचे रांगोळीचे छाप आम्ही वापरले नाहीत. त्यांच्याबरोबर दिलेला गेरू तेवढा उत्तम होता. छापांऐवजी जुन्या वर्तमानपत्राची घडी घालून, उदबत्तीने समान अंतरावर भोके पाडून ठिपक्यांचा कागद करण्याची रीत पत्रकात दिली असती, तर एका दमडीचाही खर्च न वाढता संचाचे मोल वाढले असते.

किमतीचा विचार करायचा तर सुटे सामान घेऊन हेच सगळे साधारण निम्म्या पैशांत होते. पतंगी कागद, दोरा आणि होल्डर बोहरी आळीत एका फेरीत मिळतात, कामट्या बुरुडाकडे मिळतात आणि मैदा घरात असतोच. पण त्यासाठी काय आणि किती आणायचे हे आधी माहीत असावे लागते, आणि सणाच्या गर्दीत लहान मुलांना घेऊन पेठेतल्या गल्ल्यांतून हिंडण्याचे बळ सगळ्यांत नसते. ज्यांनी यापूर्वी कधी कंदील केलेला नाही त्यांनी पहिल्या वर्षी असा संच अवश्य घ्यावा, फक्त त्याबरोबर पावणेतेरा इंचाच्या किमान ६ कामट्या, दोन ताव कागद आणि एक पिवळसर दिवा वेगळा आणावा. ज्यांना कंदील करता येतो त्यांनी संचावर पैसे घालू नयेत. आणि ज्यांना वेळच नाही त्यांनी हाताने बांधलेला तयार कंदील घ्यावा. मुंबईत माहीमच्या कंदील गल्लीत असे पारंपरिक कंदील ओळीने टांगलेले दिसतात, आणि ते ज्यांच्या हातांनी बांधले जातात त्यांच्या घरची दिवाळी त्या विक्रीवर अवलंबून असते. संच चांगला की तयार कंदील, या वादात त्या हातांचा विसर पडू नये असे मला फार वाटते.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी अचानक पावसाची जोरदार सर आली. आमचा कंदील गॅलरीच्या कडेला होता. तो आत घेईपर्यंत तांबड्या कागदाचा रंग वाहून शेजारच्या पांढऱ्या चौकोनावर उतरला आणि एक त्रिकोण फाटला. पतंगी कागदाचा रंग पाण्यात टिकत नाही, आणि ही बाब संचाच्या खोक्यावर ठळकपणे छापायला हवी होती. सांगाड्याला मात्र काही झाले नाही. एकही सांधा सैल पडला नव्हता. पाडव्याच्या सकाळी मुलीने स्वतःच खळ शिजवली, जास्त आणलेल्या तावातून दोन तुकडे कापले आणि मी फराळाची ताटे लावत असताना दोन्ही बाजू नव्याने मढवून टाकल्या. तिने मला एकदाही विचारले नाही.

तुळशीच्या लग्नानंतर आम्ही कंदील उतरवला. कागद काढून टाकला आणि सांगाडा तसाच ताठ माळ्यावर टांगला, कारण संचाच्या खोक्यात तो मावत नाही आणि सुटा करण्याची काही गरजही नाही. दुकानात जाऊन मी त्या ६ कामट्यांची गोष्ट सांगितली. दुकानदारांनी ती शांतपणे ऐकून घेतली, मुलीने काढलेली आकृती स्वतःजवळ ठेवून घेतली आणि पुढच्या वर्षीच्या संचात त्या घालण्याचे कबूल केले. शेजाऱ्यांनी पुढच्या आश्विनासाठी आतापासूनच निळ्या कागदाचे तीन ताव आणून ठेवले आहेत.